वजन खरं सांगा, बॉस!
स्कीइंगला जाताना जॅकेट-गॉगलची शॉपिंग सगळेच करतात. पण पाय वाचवणारा तो एक छोटा स्क्रू? त्याच्याबद्दल कुणी विचारतच नाही. खान्देशातून बर्फावर निघालेल्यांसाठी बाइंडिंगचा साधा-सोपा फंडा!

मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की मेहरूण तलावावरच्या मॉर्निंग वॉकवाल्या ग्रुपमध्ये एकच विषय निघतो : बर्फ! कुणीतरी मोबाइलवर गुलमर्गचा व्हिडिओ दाखवतं, कुणीतरी म्हणतं, ‘‘काय भो, येतो का गुलमर्गले?’’ आणि फेब्रुवारीची ट्रिप तिथल्या तिथे ठरते. पुढचे आठ महिने चर्चा कशाची? तर जॅकेट कुठलं, गॉगल कुठला, डीपी कसला.

आमचीही अशीच ठरली होती, दोन वर्षांपूर्वी. मी जळगावची, माझा मावसभाऊ धुळ्याचा, आणि बाकी ऑफिसची गँग. मावसभावाचं मे महिन्यात लग्न ठरलेलं. ‘बॅचलर म्हणून शेवटची ट्रिप’ असं मोठ्या थाटात मावशीला सांगून आम्ही निघालो. आठव्या दिवशी परत आलो तेव्हा त्याच्या उजव्या पायाला मांडीपर्यंत प्लॅस्टर होतं.

गावाचं नाव घेत नाही, भाड्याने साहित्य देणाऱ्या दुकानाचंही नाही. कारण खरं सांगायचं तर निम्मी चूक आमचीच होती. काउंटरवरच्या पोराने दोनच प्रश्न विचारले, ‘‘वेट? लेव्हल?’’ माझं वजन ६६ किलो. पण मागे ऑफिसची सगळी गँग उभी! मी ५५ सांगून मोकळी झाले. भावाचं वजन ८०, ते त्याने खरं सांगितलं. पण लेव्हल? आदल्या वर्षी औलीला सात दिवसांचा कोर्स केलेला, त्या जोरावर छाती फुगवून म्हणाला, ‘‘एक्स्पर्ट!’’ पोराने स्क्रू-ड्रायव्हरने दोन-चार आटे फिरवले आणि आम्ही बर्फावर.

दुसऱ्या दिवशी उतारावर आडवं जाताना माझी डावी स्की काहीही कारण नसताना पायातून सुटली आणि मी मनगटावर आपटले. सूज, बस्स. त्याच दुपारी भाऊ अगदी सावकाश, चालण्याच्या वेगाने वळताना पडला. स्कीचं टोक बर्फात अडकलं, शरीर एकीकडे वळलं, स्की जागची हलली नाही आणि बाइंडिंग सुटलंच नाही. नडगीचं हाड पिळल्यासारखं मोडलं.

एकाचं नको तेव्हा सुटलं, एकाचं हवं तेव्हा सुटलं नाही. दोन्ही भानगडींचं मूळ एकच : तो स्क्रू.

धुळ्याला हॉस्पिटलमध्ये मावशीने मला एकच प्रश्न विचारला, ‘‘अगं, ते पायातून काढायचं बटण नव्हतं का?’’ तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर.

मोटरच्या स्टार्टरसारखंच

बाइंडिंग म्हणजे बूट आणि स्की यांना जोडणारी यंत्रणा. पुढे चवडा पकडणारा टो-पीस, मागे टाच पकडणारा हील-पीस. ‘खटॅक’ आवाज आला की तुम्ही आणि तुमची स्की एक झालात. पण बाइंडिंगचं खरं काम नुसतं धरून ठेवणं नाही. योग्य वेळी सोडणं, हे त्याहून मोठं काम. पाय पिळला गेला तर टो-पीस बाजूला सरकून बूट सोडतो. शरीर पुढे फेकलं गेलं तर हील-पीस वर उचलून टाच सोडतो. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. बटण नसतं. पडताना ते दाबायला वेळही नसतो. म्हणून आधीच ठरवून ठेवायचं की किती जोर आला की सुटायचं.

खान्देशात हे समजावून सांगायला इंजिनीअर लागत नाही. केळीच्या बागेवरच्या मोटरचा स्टार्टर आठवा. त्यात ओव्हरलोड रिले असतो आणि त्यावर अँपिअरचं सेटिंग. मोटर किती हॉर्सपॉवरची, त्यावर ते लावायचं. सेटिंग कमी ठेवलं तर मोटर दर अर्ध्या तासाने ट्रिप होणार आणि रात्री बॅटरी घेऊन बागेत कुणाला तरी जावं लागणार. जास्त ठेवलं तर? ट्रिप होणारच नाही, मोटर जळेल. तीन हॉर्सपॉवरच्या मोटरला साडेसातचं सेटिंग लावणारा शेतकरी रावेर-यावलमध्ये सापडणार नाही. पण स्कीच्या काउंटरवर तेच आपण आनंदाने करतो!

फरक इतकाच की इथे जळणारी मोटर म्हणजे तुमची नडगी.

तो जादूचा आकडा

बाइंडिंगच्या पुढच्या आणि मागच्या भागावर एक छोटी खिडकी असते, आत आकडे. याला जगभर ‘डिन’ म्हणतात. जर्मनीच्या मानक संस्थेचं ते संक्षिप्त नाव. आकडा जितका मोठा, तितका सुटायला जास्त जोर. हा आकडा कुणाच्या अंदाजाने लावायचा नसतो. त्यासाठी आयएसओ ११०८८ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आणि त्यावर आधारलेला तक्ता आहे. त्या तक्त्याला पाच गोष्टी लागतात :

वजन : गँगसमोर सांगायचं नाही, काट्यावर मोजलेलं.

उंची : सेंटिमीटरमध्ये.

वय : ९ वर्षांपर्यंतची मुलं आणि ५० किंवा त्यापुढचे, यांना खास सवलत.

बुटाच्या तळाची लांबी : मिलिमीटरमध्ये. बुटाच्या टाचेजवळ कोरलेली असते. तुमचा आठ-नऊ नंबर नव्हे.

स्कीइंगची पद्धत : सावकाश जपून, मध्यम, की वेगात आणि आक्रमक.

आता तक्ता कसा वाचायचा? वजनाप्रमाणे ओळी असतात. हलकी माणसं वर, भारदस्त खाली. ४९ ते ५७ किलो म्हणजे आय, ५८ ते ६६ जे, ६७ ते ७८ के, ७९ ते ९४ एल. उंचीच्याही अशाच ओळी : १४९ ते १५७ सेंमी आय, १५८ ते १६६ जे, १६७ ते १७८ के, १७९ ते १९४ एल. वजन आणि उंची वेगवेगळ्या ओळीत आले तर वरची, म्हणजे हलकी ओळ धरायची. कारण वजन पोटावर वाढलं म्हणून नडगीचं हाड काही जाड होत नाही. शेवभाजी आणि भरीत-भाकरीवर वाढलेल्या आपल्या मंडळींसाठी हा नियम सोन्याच्या मोलाचा!

मग पद्धत. पहिला प्रकार : सावकाश, हलक्या उताराचे, नवशिके. यांना ओळ आहे तीच. दुसरा प्रकार : मध्यम वेगाचे, बऱ्यापैकी जमणारे. एक ओळ खाली. तिसरा प्रकार : वेगवान, तीव्र उतारावर आक्रमक. दोन ओळी खाली. आणि वय ९ पर्यंत किंवा ५० वा त्यापुढे असेल तर एक ओळ परत वर. शेवटी ती ओळ आणि बुटाच्या लांबीचा रकाना जिथे भेटतात, तो तुमचा आकडा.

बूट लांब असेल तर आकडा कमी येतो. गोंधळू नका. गॅरेजमधला लांब पाना आठवा. पाना लांब तर नट फिरवायला हाताचा जोर कमी लागतो. लांब बूटही तसाच मोठा पाना. त्याला बाइंडिंगचं स्प्रिंग सैल चाललं तरी पायावर येणारा पीळ तेवढाच राहतो.

आमच्या दोघांचा हिशेब

आता भावाचं गणित मांडू. वजन ८० किलो, म्हणजे एल. उंची १६५, म्हणजे जे. वरची ओळ धरायची, म्हणून जे. एक आठवडा शिकलेला माणूस पहिल्याच प्रकारात बसतो. म्हणजे शेवटचं उत्तर जेच. पण ‘एक्स्पर्ट’ म्हटल्याबरोबर दोन ओळी खाली, थेट एल. या दोन ओळींत स्की सुटायला लागणारा पीळ जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो. हे तर तक्ता नीट पाहिला असता तर. पोराने उंची विचारलीच नव्हती, म्हणजे प्रत्यक्षात किती लावलं असेल देव जाणे!

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तो चालण्याच्या वेगात पडला होता. आपल्याला वाटतं हाड मोडतं ते भन्नाट वेगात. पण सावकाश पडताना स्की हळूहळू पिळत जाते, झटका बसत नाही आणि स्प्रिंग जास्त आवळलेलं असेल तर त्याला सुटण्याएवढा जोर मिळण्याआधीच हाड हार मानतं. नवशिक्याला कमी आकडा देतात तो याचसाठी. त्याचा अपमान करायला नव्हे.

माझं उलट. ६६ किलो, उंची १६२ : दोन्ही जे. ५५ सांगितल्यामुळे आय, एक ओळ वर. त्यात मी बुटाखाली चिकटलेला बर्फ न खरवडताच पाय दाबला होता. बूट नीट बसलाच नव्हता. एवढं पुरेसं झालं. अकरा किलोंची थाप आणि चमचाभर बर्फ!

जळगावला सुवर्णनगरी म्हणतात. सराफाच्या काट्यावर गुंजभर फरक पडला तर आपण भांडण काढतो. आणि स्वतःच्या पायाचा आकडा मात्र डोळे मिटून अंदाजाने लावून घेतो.

पाय मोडला म्हणून शोध लागला

गंमत म्हणजे हे बाइंडिंग जन्मालाच आलं ते मोडलेल्या पायातून. पूर्वी बूट चामड्याच्या पट्ट्यांनी, मग तारांनी स्कीला करकचून बांधत. पडलात तर स्की सुटणार नाही, पाय सुटेल! याल्मार व्हाम हा मूळचा नॉर्वेचा, अमेरिकेत पोर्टलंडला स्थायिक झालेला नामांकित स्कीपटू. १९३७ मध्ये माउंट हूडवर त्याचा पाय मोडला. इस्पितळात पडल्या पडल्याच त्याने आपोआप सुटणाऱ्या बाइंडिंगचं चित्र काढलं आणि पुढे ‘सेफ-स्की’ नावाने ते बाजारात आणलं. नंतर फ्रान्समध्ये जाँ बेल याच्या ‘लूक’ कंपनीने १९५० मध्ये ‘नेवाडा’ टो-पीस आणला, जर्मनीत हानेस मार्कर याने १९५२ मध्ये ‘डुप्लेक्स’. आज काउंटरवर दिसणारी लूक आणि मार्कर ही नावं तिथून आली आहेत.

सत्तरच्या दशकापासून बाइंडिंग सुधारत गेली तशी नडगी मोडण्याची प्रकरणं झपाट्याने घटली. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटच्या दुखापती तशा घटल्या नाहीत. नेहमीचं बाइंडिंग मुख्यतः नडगी वाचवतं. मागे बसल्यासारखं पडताना गुडघा पिळला तर ते दर वेळी मदतीला येईलच असं नाही. म्हणून आकडा बरोबर लावला म्हणजे अमरपट्टा मिळाला, असं समजू नका.

विकत घ्यायचंय? आधी स्वतःला ओळखा

पहिल्या एक-दोन ट्रिपला भाड्याचंच घ्या. पण ज्यांना बर्फाचं वेड लागलंय, किंवा परदेशात नोकरीला असून दर हिवाळ्यात डोंगरावर जातात, त्यांच्यासाठी :

आधी बूट, मग बाइंडिंग. बुटांचे तळ वेगवेगळ्या मानकांचे असतात : नेहमीचे सपाट अल्पाइन तळ, चालायला सोपे थोडे वळलेले ग्रिपवॉक, आणि डोंगर चढून जाणाऱ्यांचे टूरिंग बूट. प्रत्येक बाइंडिंगला प्रत्येक तळ चालत नाही. बसल्यासारखं वाटतं, पण सुटताना दगा देतं.

आकडा मधोमध हवा. प्रत्येक बाइंडिंगची एक रेंज असते. काही ३ ते १० किंवा ११ अशी, मार्करचं ग्रिफॉन ४ ते १३, तर जेस्टर ६ ते १६. तुमचा आकडा ५ आला असेल तर जेस्टर तुमच्यासाठी नाहीच, कितीही भारी दिसलं तरी. आणि ४ आला असेल तर ४ पासून सुरू होणारं घेऊ नका. स्प्रिंग अगदी टोकाला वापरायचं नाही. रेंजच्या मधल्या भागात तुम्ही बसलात की निवड जमली. मुलांच्या बाइंडिंगचे आकडे तर पाऊणपासून सुरू होतात. मोठ्यांचं जुनं बाइंडिंग धाकट्याला चालवून घेणं, हा काटकसरीचा प्रकार इथे नको.

सावकाश, दाबून सपाट केलेल्या उतारावरच जाणार? हलकं, साधं, कमी रेंजचं बाइंडिंग बेस्ट. वेगात आणि खडबडीत बर्फावर जाणार? मग जास्त ‘इलॅस्टिसिटी’ असलेलं घ्या. म्हणजे छोटा झटका बसला तर बूट थोडा सरकून परत जागेवर येतो, सुटत नाही. ‘माझं सारखं सुटतं’ म्हणून आकडा वाढवत बसणाऱ्यांना बहुतेकदा आकड्याची नाही, चांगल्या बाइंडिंगची नाहीतर बूट नीट बसवण्याची गरज असते.

चढून जायचंय? गुलमर्गच्या अफरवटवर भुसभुशीत बर्फात जाणारे लोक पिन-बाइंडिंग वापरतात. वजनाला एकदम हलकं. बुटाच्या पुढच्या भागातल्या दोन खाचांत पिना बसतात आणि चढताना टाच मोकळी राहते. पण यातली बरीच मॉडेल्स पडल्यावर अल्पाइन बाइंडिंगइतक्या भरवशाने सुटत नाहीत. नवशिक्याने याच्या वाटेला जाऊ नये.

ब्रेक विसरू नका. स्की सुटली की दोन्ही बाजूंच्या दांड्या खाली येऊन तिला थांबवतात. त्यांची रुंदी स्कीच्या कमरेपेक्षा थोडीच जास्त हवी. कमी असेल तर बसणार नाही, फार जास्त असेल तर वळताना बर्फात घासेल.

सेकंडहँड? जपून. कंपनीने जुन्या मॉडेलचा पाठिंबा काढून घेतला असेल तर चांगलं दुकान त्याला हातही लावत नाही. आणि भोकं पाडून स्कीवर बाइंडिंग बसवणं हे गल्लीतल्या ड्रिल मशिनवाल्याचं काम नव्हे, प्लीज!

काउंटरवर पाच मिनिटं

• वजन, उंची, वय, लेव्हल चारही गोष्टी कागदावर लिहून द्या. लाज वाटत असेल तर चिठ्ठी सरकवा!
• ‘तक्ता दाखवा’ म्हणा. तक्ता नसेल तर दुसरं दुकान बघा.
• दोन्ही स्कींच्या पुढच्या-मागच्या खिडक्या बघा. चारही ठिकाणचे आकडे वाचून मोबाइलवर फोटो काढा.
• तुमचा बूट घालूनच सेटिंग करून घ्या. मागच्या भागाचा दाब बुटाच्या लांबीप्रमाणे बसवावा लागतो. दुपारी बूट बदलला तर सेटिंग पुन्हा.
• हाताने बूट पिळून सुटतो का, ते दाखवायला सांगा.
• दर वेळी पाय ठेवण्याआधी बुटाचा तळ खरवडा. डांबरी रस्त्यावर, खडीवर बूट घालून भटकू नका. तळ झिजला की सुटण्याचा हिशेब चुकतो.
• सुटतंय म्हणून उतारावर मित्राकडून स्क्रू आवळून घेऊ नका. खाली या, दुकानात जा.
• लग्नसराईत पाच-सात किलो वाढलेत? मागच्या वर्षीचा आकडा रद्द. नव्याने मोजा.

जायचं कुठे?

शिकायचं असेल तर संस्थेतच शिका. गुलमर्गला, साधारण २,६५० मीटर उंचीवर, केंद्र सरकारची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे. मनालीला अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची गिर्यारोहण संस्था आहे. औलीला गढवाल मंडल विकास निगमचे कोर्स चालतात. कोर्समध्ये साहित्य मिळतं का आणि सेटिंग कोण करतं, हे फी भरण्याआधी विचारा. औलीला जाताना एक लक्षात ठेवा : जोशीमठची जमीन खचल्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये तिथला रोप-वे बंद करावा लागला, त्यामुळे वर कसं जायचं याची चौकशी आधी करा. गुलमर्गचा गोंडोला दोन टप्प्यांचा, पहिला १९९८ चा, दुसरा २००५ चा. दुसऱ्या टप्प्यावरचा उतार अनुभवी लोकांसाठीच. सेल्फीसाठी वर जा, स्की घालून नको!

आपल्याकडून दिल्लीला जायला जळगाव-भुसावळहून पंजाब मेल आहेच. धुळेकरांनी चाळीसगाव किंवा जळगाव गाठायचं. पुढे काश्मीरसाठी जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारतही धावू लागली. निघण्याआधी तिथली ताजी परिस्थिती आणि हवामान बघून घ्या. प्रवास विम्यात ‘विंटर स्पोर्ट्स’ आहे का, तेही तपासा. आमच्यात नव्हतं. ते गणित वेगळं आणि जास्त दुखणारं.

आणि लग्नाचं काय झालं?

झालं ना! नडगीत रॉड बसला. हळदीला तो पाटावर बसू शकला नाही, खुर्चीवर बसवला. वरातीत घोडीऐवजी जीप. बोहल्यावर एका हातात हार आणि दुसऱ्या हातात काठी. फोटोत काठी दिसू नये म्हणून फोटोग्राफरने जिवाचा आटापिटा केला, तरी अल्बमच्या प्रत्येक पानावर ती आहेच. मावशी माझ्याशी दोन महिने बोलली नाही. माझ्यासाठी त्या ट्रिपची सगळ्यात मोठी दुखापत हीच होती. मनगटाची सूज तर चार दिवसांत उतरली.

या फेब्रुवारीत आम्ही पुन्हा गेलो. या वेळी वहिनीही होती. डॉक्टरांची रीतसर परवानगी घेतलेली. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, ‘‘लेव्हल?’’ भावाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बायकोकडे, आणि हळूच म्हणाला, ‘‘शिकाऊ.’’ मग माझी पाळी आली. मागे तीच सगळी गँग उभी होती.

‘‘अडुसष्ट,’’ मी सांगितलं. खणखणीत आवाजात.

दोन किलो वाढलेत, मान्य आहे. पण तिसऱ्या दिवशी भाऊ तस्साच पडला, तस्साच पिळला. ‘खट्’ आवाज झाला आणि त्याची स्की एकीकडे, तो दुसरीकडे. उठून बसला, अंगावरचा बर्फ झटकला आणि हसायला लागला. मी तिथूनच मावशीला फोन लावला आणि तो आवाज कसा असतो ते सांगितलं.

‘‘म्हणजे आपोआप सुटलं?’’ तिने विचारलं.

हो मावशी. खरं सांगितलं की सुटतं.